आठ दिवसांचं मोहोळ

१ जानेवारी

डायरी कुणाला सापडली तर मालक कळावा म्हणून आधी लिहून ठेवतो. अल्लाबक्ष मुलाणी, मु. पो. कळंब, ता. इंदापूर. वय एकाहत्तर. शाळा चौथी. मोटारीचं वाइंडिंग कुणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उघडून बघत बघत आलं. चाळीस वर्षं दुकान चाललं. आता शटर आठवड्यातून दोनदा वर करतो, बाकी वेळ मळ्यात.

डायरी २०२१ची आहे. एका पंपवाल्याने दिलेली, कोरीच राहिली. तारखा बरोबर, वार एकाने पुढं. रोजचा वार खोडून खरा लिहिणार होतो, पण शहाजादी म्हणाली, वार सगळ्या गावाला ठाऊक असतो, शाई कशाला नासता. शहाजादी म्हणजे माझी बायको. बरोबर बोलते, त्याचाच त्रास होतो.

लिहायचं कारण कलिंगड. १ डिसेंबरला एकरभर रोपं लावली. पहिला रोजा १९ फेब्रुवारीला धरलाय, चंद्राच्या मनात आलं तर एक दिवस इकडंतिकडं. त्या सांजेला घरचं कलिंगड कापायचं असतं. रोजा माझा, पण कलिंगड कापतो गेणू. गेणू धनगराचा, ओढ्यापलीकडं तीन किलोमीटरवर वस्ती. बापाची मेंढरं होती, याची डाळिंबं आहेत. येताना मधाची बाटली आणतो, कलिंगड कापतो, पहिली फोड मला देतो, दुसरी स्वतः खातो. बेचाळीस वर्षं हे चाललंय. एकदाच चुकला, त्याचा बाप वारला त्या साली. तेव्हाही बाटली पाठवली होती.

नोव्हेंबरपासून गेणू माझ्याशी बोलत नाही. कारण तसं काही नाही.

२ जानेवारी

कारण लिहून ठेवतो. पुढं लोक आपापलं सांगतात.

पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळं होती, सात. एकेक सुपाएवढं. पाऊस सरला की दर साली येतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नोव्हेंबरात टाकीखाली शुद्ध पाण्याचं मशीन बसवलं, त्याचं उद्घाटन झालं. नारळ फुटला, मग फटाक्यांची माळ लावली. टाकीखालीच लावली. माश्या उठल्या. अकरा जणांना चावल्या, त्यात उपसरपंच. त्यांचा चेहरा तीन दिवस बॅनरवरच्या फोटोशी जुळत नव्हता.

पंचायतीत बैठक बसली. गेणू म्हणाला, आठ दिवस थांबा, अमावस्येला धूर देऊन मी त्यांना हलवतो, जीव घेऊ नका. मी म्हणालो, फवारणीचा एचटीपी पंप आजच रिकामा आहे. पितळेचा नोजल मी घरी बनवला. औषधाचा फवारा चाळीस फूट वर गेला. आधी टाकीचं झाकण बांधून घेतलं, नंतर टाकी धुऊनही घेतली. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. दिवस मावळताना सुरू केलं, अर्ध्या तासात उरकलं. सकाळी दोन घमेली माश्या झाडून भरल्या.

माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. गेणू सत्काराला आला नाही. फवारणीला मात्र होता, शेवटपर्यंत उभा होता. जाताना एवढंच म्हणाला, "आठ दिस मागितलं हुतं, बक्षा."

शाल कपाटात आहे. नारळाची चटणी झाली.

५ जानेवारी

कलिंगडाच्या ओळींवर तारेच्या कमानी करून पांढरं क्रॉप कव्हर घातलंय. कडा मातीत दाबल्यात. आत थंडी नाही, किडा नाही. मुंगीलासुद्धा वाट ठेवलेली नाही. शेजारचे येऊन बघून जातात.

इफ्फत म्हणाली, फुलं आली की कव्हर काढायचं असतं. इफ्फत आमची सून. सोहेल बारामतीला एमआयडीसीत पाळीवर जातो, त्यामुळं मळ्यात माझ्यापेक्षा तीच जास्त असते आणि मोबाइलवर शेतीचे व्हिडिओ बघते. मी म्हणालो, थंडी सरू दे.

ग्रामपंचायतीची घंटागाडी चालवतो त्या यशराजने बातमी दिली. गेणूची पाण्यातली मोटार जळली होती, ती त्याने इंदापूरला वाइंडिंग भरायला दिली. ठीक आहे. त्याची मोटार, त्याने कुठंही न्यावी. इंदापूरचा वाइंडर चांगला आहे म्हणतात. माझ्या कानावर कधी आलं नाही, पण असेल.

रात्री जेवलो नाही, पोट जड होतं.

९ जानेवारी

फुलं आली. कव्हरची कड उचलून आत बघितलं तर ओळ पिवळी झालीय. मादी फुलाच्या खाली हरभऱ्याएवढं कलिंगड असतं, पट्ट्यांसकट. जन्मायच्या आधीच सदरा घालून आलेलं. शहाजादीला दाखवलं. ती म्हणाली, तुमच्याच वळणावर गेलंय, बारीक हाय पण मिजास हाय.

११ जानेवारी

हरभरे पिवळे पडून गळताहेत. एका ओळीत सत्तावीस गळाले. पाणी वेळेवर, खत वेळेवर, वीज येते तेव्हा वेळेवर. रोपं ज्या नर्सरीतून आणली तिथं फोन लावला आणि बियाणाबद्दल जे बोलायचं ते बोललो. त्या माणसाने ऐकून घेतलं, मग विचारलं, काका, प्लॉटमध्ये माश्या फिरतात का? मी अभिमानाने सांगितलं, एकसुद्धा नाही.

मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, कव्हर काढा.

१२ जानेवारी

कव्हर काढलं. दिवसभर बांधावर बसलो. फुलं उघडी, ऊन चांगलं, वारा बेताचा. फार शांत होतं. दुकानात एखादी मोटार सगळी जोडून झालेली असते, तारा बरोबर, बेअरिंग नवं, बटण दाबावं आणि काहीच होऊ नये, तेव्हा अशी शांतता असते.

दुपारी एक माशी आली. माझ्या चहाच्या कपावर बसली आणि गेली.

१३ जानेवारी

इफ्फतने मोबाइलवर दाखवलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि मादी फुलाच्या तोंडाला हलकेच टेकवायचं. एका नरात दोन-तीन माद्या उरकतात. हे सकाळी दहाच्या आत, फूल ताजं असतं तोवर. सासू, सून आणि मी, तिघं वाकून लागलो.

शहाजादी म्हणाली, "आपल्या लग्नाला एवढी घाई केली न्हवती तुमी. आज अर्ध्या सकाळीत साठ लावली."

मी म्हणालो, तेव्हा एकच होतं. ती म्हणाली, व्हय, आणि त्यालाबी धाकटा भाऊ पुढं पाठवला हुता.

दहा वाजेपर्यंत दोन ओळी झाल्या. एकरात बासष्ट आहेत. कंबर सरळ करताना मी म्हणालो, हे काम कधी कुणी करत नव्हतं, तरी बेचाळीस वर्षं कलिंगडं कशी लागली? इफ्फत फुलाकडं बघतच म्हणाली, "करत हुतं की, अब्बा. टाकीखाली ऱ्हायाला हुतं."

एका घमेल्यात किती मावतात हा विचार मनात आला. तो पुरा केला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. गेणूच्या घरून तिळगूळ आला, दर वर्षीसारखा स्टीलच्या डब्यात. त्याची बायको म्हाळसा शहाजादीच्या हातात देऊन गेली. दर वर्षी मागून गेणू गाडी लावत यायचा. मी दारात थोडा वेळ उभा राहिलो, ऊन खात.

तिळगूळ चांगला होता. आज आणखी दोन ओळी.

१५ जानेवारी

कुणीतरी सांगितलं, फुलांवर गुळाचं पाणी मारलं की माश्या येतात. मारलं. मुंग्या आल्या. इतक्या मुंग्या मी एका जागी पाहिल्या नव्हत्या. त्या फुलात गेल्या नाहीत, गुळाचं पाणी पिऊन पानावर बसल्या आणि शहाजादीच्या पायाला चावल्या. नुसतं गोड घालून पाहुणा कामाला लागत नाही हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे, मुलगी दिलेली आहे. तरी मारलं.

१६ जानेवारी

इफ्फतने बारामतीच्या एका शेतीच्या ऑफिसात मधपेटीसाठी मोबाइलवरून अर्ज भरला. माझा फोटो लागला. वरच्या खिशातला टेस्टर फोटोत दिसतोय, तो काढायचा राहिला.

दुपारी ती म्हाळसाकडं ज्वारीचं पीठ आणायला गेली. दिवेलागणीला आली. पीठ आणलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, इसरले. तीन किलोमीटर जाऊन मुख्य गोष्ट विसरायची म्हणजे कमाल आहे. पोरगी दमलीय. फुलांचं काम वाकून करावं लागतं.

१८ जानेवारी

आज सकाळी मळ्यात गेलो तर लिंबाखाली पेटी. लाकडी, जुन्या फळ्यांची, चार पायांवर. पाय पाण्याच्या चार वाट्यांत ठेवलेले, मुंगी चढू नये म्हणून. वरून लोकरीच्या दोरीने बांधलेली. बाजूला पसरट भांड्यात पाणी, पाण्यात खडे, माशीला बसून पिता यावं म्हणून. बारक्या भोकातून सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या माश्या आत-बाहेर करत होत्या, सकाळच्या पाळीवर निघाल्यासारख्या.

सरकारचं काम इतकं झटपट होतं हे मला माहीत नव्हतं. परवा अर्ज, आज पेटी. सहीसुद्धा मागितली नाही. इफ्फतला म्हणालो, बघ, लोक उगाच नावं ठेवतात. तिने पदर तोंडाला लावला. तिला खोकला झालाय.

ऑफिसला आभाराचं पत्र लिहिलं. पेटी मजबूत आहे, वाट्या वगैरे व्यवस्था उत्तम आहे, ज्या कर्मचाऱ्याने बसवली त्याला बढती द्यावी, असं कळवलं.

आठ वाजता ऊन आलं आणि मळा वाजायला लागला. बटण दाबल्यावर मोटारीने धरावं तसा. मी बांधावर बसून ऐकलं. शहाजादीने विचारलं, आज ओळी करायच्या का? मी म्हणालो, नको, कामाला माणसं आलीत.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं आणि ग्रामसभा बसली. मी शाल घेऊन गेलो होतो. सरपंच मनिषाताईंना वाटलं मला थंडी वाजतेय.

रस्त्याचा, गटाराचा विषय झाला तेव्हा उठलो. चाळीस वर्षांत ग्रामसभेत मी फक्त वायरिंगवर बोललोय. म्हणालो, टाकीखालची मोहोळं मी मारली, पंप माझा नव्हता पण डोकं माझं होतं. त्या माश्या गावाच्या फुलांचं काम फुकट करत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा मी वाकून एकेका फुलाचं लग्न लावत होतो. सत्कार चुकून झालेला आहे. शाल परत घ्या. नारळ खाल्ला, त्याला इलाज नाही.

लोक हसले. उपसरपंच हसले नाहीत. म्हणाले, मग परत माश्या आणून आमाला चावून घ्यायच्या का? मी म्हणालो, माश्यांनी फटाक्याला उत्तर दिलं, तुम्हाला नाही. टाकीखाली फटाका नको, अशी पाटी लावा. मोहोळ हलवायचं झालं तर जाणत्याला विचारून, अमावस्येला, धूर देऊन. फुलोऱ्यावर औषध मारायचंच झालं तर सांजेला पाचच्या पुढं, माश्या घरी गेल्यावर. आणि ओढ्याकाठचे बांध पेटवू नका, तिथल्या तणाला फुलं असतात, आपलं पीक नसतं तेव्हा त्या तिथं खातात.

यावर बराच गलका झाला. कुणी म्हणालं, पंपवाला सकाळचीच वेळ देतो. कुणी म्हणालं, वीज कधी येते ते सरकारला माहीत नाही, आम्ही पाच वाजताचं काय सांगावं. ठराव बारगळतोय असं वाटलं तेव्हा बायकांच्या बाजूने शहाजादी उठली.

"मी पाच दिवस माशीचं काम केलंय," ती म्हणाली. "तिला कंबर न्हाय, मला हाय. ज्याला ठराव नको त्यानं उद्या सात वाजता आमच्या मळ्यात यावं. मी दाखवते कसं वाकायचं."

ठराव झाला. फवारणीची वेळ रोज घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगायची, असं मनिषाताईंनी यशराजला सांगितलं.

गेणू आला होता. मागं दाराशी बसला होता, डोक्यावर घोंगडीची घडी. ठराव झाल्यावर बघितलं तर जागा रिकामी. पायताणही नव्हतं.

३१ जानेवारी

यशराजची गाडी गाणं वाजवते, मधेच थांबते आणि तो बोलतो. ओला कचरा, सुका कचरा वेगळा द्यावा, डाळिंबाला, कलिंगडाला औषध पाच वाजल्यानंतर मारावं, माश्या आपल्याच आहेत. शेवटचं वाक्य त्याने स्वतःचं घातलंय.

सगळे पाळत नाहीत. वरच्या मळ्यातल्याने काल सकाळी नऊला फवारलं. यशराजने त्याच्या बांधावर गाडी उभी केली आणि फवारणी संपेपर्यंत तेच तेच सांगत राहिला. आज त्याने साडेपाचला फवारलं.

सुरुवातीला हाताने लावलेल्या ओळींत कलिंगडं नारळाएवढी, काही एका अंगाने फुगलेली. शहाजादीच्या ओळीतली जास्त वाकडी आहेत. ती म्हणते, माझ्या नाहीत. पेटी आल्यावर लागलेली लिंबाएवढी आहेत, पण गोल, कंपासने काढल्यासारखी, आणि मोजायच्या पलीकडं.

९ फेब्रुवारी

मळ्यात सगळं ठीक. फळाखाली गवत घालून घेतलं.

शहाजादीने विचारलं, पहिल्या रोज्याला गेणूभावजींना निरोप द्यायचा का? मी म्हणालो, बेचाळीस वर्षं निरोप कधी दिला होता? त्याला तारीख माहीत आहे. चंद्र त्याच्या वस्तीवरूनही दिसतो.

ती उठून भांडी घासायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी

बारामतीहून त्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. गोड बोलल्या. म्हणाल्या, काका, तुमचं आभाराचं पत्र मिळालं, ऑफिसात सगळ्यांनी वाचलं, पण पेटी आम्ही दिलेली नाही. पेट्या जूनमध्ये यायच्या आहेत. तुमचा अर्ज यादीत आहे.

फोन ठेवला आणि मळ्यात गेलो. महिनाभर त्या पेटीसमोर बसतोय, पण बघत होतो माश्यांकडं. आज पेटी बघितली. मागची फळी जुन्या दाराची आहे, सागवानी. त्या फळीला कडीचं भोक आहे, आणि भोक जरा तिरकं आहे.

ते भोक मी पाडलंय.

चौऱ्याऐंशी साली गेणूच्या विहिरीवर मोटार बसवायला गेलो होतो, पहिल्यांदाच. रमजान होता, पहिला रोजा. काम लांबलं. त्याच्या मेंढवाड्याच्या दाराला कडी नव्हती, लांडग्याचं भ्या होतं, मी म्हणालो, बसवून देतो. उपाशी पोटी हात हलला, भोक तिरकं गेलं. तेवढ्यात दिवस मावळला. गेणूने घरातून कलिंगड आणून कापलं, वर मध घातला आणि म्हणाला, भोक वाकडं असू दे, तोंड सरळ कर आणि खा.

घरी येऊन इफ्फतला विचारलं, पीठ खरंच विसरली होतीस का? ती म्हणाली, "गेणूआबांनी सांगितलं, बक्षाला सांगू नको. न्हायतर त्यो पेटी परत घ्यायला लावंल म्हणलं."

१६ फेब्रुवारी

सायकल काढून ओढ्यापलीकडं गेलो. बांधाआडून बघितलं. गेणूच्या डाळिंबांना फुलोरा आहे. फुलांचा लाल सडा खाली पडलाय, झाडावर धरलेलं थोडं. त्याच्याकडं पेटी एकच होती. तिची जागा रिकामी आहे, चार पायांच्या खुणा मातीत तशाच आहेत.

तो आतल्या ओळीत पाठमोरा होता. हाक मारणार होतो. सायकलची चेन पडली, ती बसवली आणि माघारी आलो.

१७ फेब्रुवारी

चिठ्ठी लिहिली. "गेणू, माझी फळं धरली. तुझा फुलोरा चाललाय. पेटी घेऊन जा. बक्ष." यशराजला दिली, म्हणालो, फक्त आबांच्या हातात दे, कुणाला कळू देऊ नको.

अर्ध्या तासात पूर्ण कळंबला कळलं. गेणू मळ्यात दिसला नाही म्हणून यशराजने भोंग्यावरून वाचून दाखवली. दोनदा. वर म्हणाला, माश्या आपल्याच आहेत.

१९ फेब्रुवारी

काल चंद्र दिसला. आज पहिला रोजा.

दुपारनंतर मळ्यात गेलो. कापायजोगी फक्त हाताने लावलेल्या ओळीतली होती. शहाजादीच्या ओळीतलं एक घेतलं, एका अंगाने फुगलेलं, जमिनीवर ठेवलं की कलंडायचं. लिंबाखाली चटई टाकली. शहाजादीने खजूर, पाणी, भजी मांडली. सुरी मी कलिंगडाजवळ ठेवली, मूठ पलीकडच्या बाजूला करून. पलीकडं कुणी नव्हतं.

पेटी हलवायची तर दिवस मावळल्यावरच हलवता येते. सगळ्या माश्या आत आल्या की दार बंद करायचं, नाहीतर उरलेल्या पोरक्या होतात. हे मला माहीत होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. सहा वाजून गेल्यावर घंटागाडीचा आवाज आला. गाणं बंद होतं.

गाडीतून गेणू उतरला. खांद्यावर घोंगडी. माझ्याकडं न बघता पेटीपाशी गेला, भोकाशी कान लावून उकिडवा बसला आणि परतणाऱ्या माश्या बघत राहिला. माश्या येत होत्या. सूर्य जात होता. यशराजला बोलायचं होतं, पण इफ्फतने त्याच्याकडं बघितलं.

मग गेणूने जवळच्या वेलीवरचं एक गोल कलिंगड बोटाने वाजवलं, माश्यांनी लावलेलं. कान देऊन ऐकलं.

"हे कापू नको," तो म्हणाला. "अजून आठ दिस थांब."

मी म्हणालो, "थांबतो."

तेवढ्यात गावातून अजान आली. गेणूने भोकाला चिंधी लावली, घोंगडीला हात पुसले आणि चटईवर पलीकडं बसला. सुरीची मूठ त्याच्या हाताशी होती. शहाजादीचं कलिंगड कलंडलं, त्याने गुडघ्याने अडवून कापलं. आतून लाल होतं, एका बाजूला जरा पांढरं. पहिली फोड मला दिली.

"मध न्हाय औंदा," तो म्हणाला.

मी म्हणालो, "म्हायती हाय." बाटलीतला मध कुठून येतो हे मी बेचाळीस वर्षं कधी विचारलं नव्हतं. टाकीखालून यायचा.

दुसरी फोड त्याने खाल्ली. बिया मातीत टाकल्या आणि शहाजादीला म्हणाला, भाबी, वाकडं हाय पण गोड हाय. ती म्हणाली, माझं न्हाय ते.

पेटी आम्ही दोघांनी उचलून गाडीत ठेवली. तिथं आधीच एक मोटार होती, पोत्यात गुंडाळलेली. गेणूने ती ओढून खाली उतरवली. म्हणाला, इंदापुरातनं भरून आणली, पर काय खरं न्हाय. आवाज करती. बघून ठेव.

जाताना यशराजने भोंगा लावला नाही. गाडी बैलगाडीच्या वेगाने गेली.

२० फेब्रुवारी

दुकानाचं शटर सकाळीच वर केलं. येताना टाकीखालून आलो. वर एका कोपऱ्यात ताटलीएवढं काळं काहीतरी बसलंय, हलतंय. खाली 'फटाका नको'च्या पाटीपाशी उपसरपंच मान वर करून उभे होते. मी विचारलं, काय करायचं? ते म्हणाले, गेणूआबांना इचारा.

गेणूची मोटार उघडली. वाइंडिंग नवं, तार चांगली, बेअरिंग चांगलं. मीटर लावला, दुकानातल्या हौदात बुडवून चालवली. आवाज नाही. इंदापूरचा वाइंडर खरंच चांगला आहे. मोटारीला काहीही झालेलं नाही.

दुपारी गेणूचा फोन आला. नोव्हेंबरपासून पहिला. काय झालंय म्हणून विचारलं.

मी सांगितलं, काम मोठं आहे, आठ दिवस लागतील. रोज येऊन बघून जा.